मापात बसणाऱ्या कपड्यांसाठी: ठाणे-नवी मुंबईतील कापड व्यावसायिकांना खुले पत्र

ठाणे व नवी मुंबई परिसरातील तयार कपड्यांचे विक्रेते, घाऊक व्यापारी आणि उत्पादक यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय: अतिशय सडपातळ बांध्याच्या प्रौढ स्त्रियांना अंगाबरोबर बसणारे तयार कपडे मिळावेत आणि कपड्यांवर खरी मापे लिहिली जावीत याबाबत.

मी नौपाड्यात राहते आणि नोकरीनिमित्त ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोलीला जाते-येते. वयाने पस्तिशी ओलांडलेली आहे. माझी छाती ३० इंच, कंबर २४ इंच, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ३३ इंच आणि खांदा १३ इंच असून उंची पाच फूट तीन इंच आहे. अशी मापे चारचौघांत सांगण्याची आपल्याकडे रीत नाही, तरीही ती सुरुवातीलाच देते, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते मापांवाचून सांगता येणार नाही. थायरॉईडपासून पचनापर्यंत ज्या तपासण्या अशा बांध्याच्या बाईला सुचवल्या जातात, त्या सर्व करून झाल्या आहेत आणि त्यांत काही निघालेले नाही. आमच्या घरात आजीचा बांधा असाच होता, आईचाही असाच आहे. त्यामुळे ‘जरा वजन वाढवा’ हे या पत्राचे उत्तर होऊ शकत नाही, एवढे आधी नोंदवते.

माझे म्हणणे असे, की आपल्या दुकानांत प्रौढ स्त्रियांसाठी जे कपडे टांगलेले असतात, त्यांची मापे माझ्यासारख्या स्त्रीपर्यंत पोचतच नाहीत. आणि जे थोडेफार कपडे जवळपास येतात, त्यांच्यावर खरे माप लिहिलेले नसल्यामुळे ते शोधूनही सापडत नाहीत. पहिली गोष्ट सुधारायची तर आपल्याला वेगळा माल मागवावा लागेल आणि त्यात पैसा अडकेल, हे मला समजते. दुसरी गोष्ट सुधारण्यास त्या मानाने फार थोडे लागते, शिवाय तिच्यासाठी नियमही आहे. म्हणून दोन्हींबद्दल लिहीत असले, तरी माझा आग्रह दुसरीचा अधिक आहे.

गोखले रोड आणि राम मारुती रोडवरची कुर्त्यांची दुकाने, जांभळी नाक्याच्या बाजूचा स्वस्त बाजार, घोडबंदर रोडवरचे मॉल, वाशीच्या सेक्टर १७ मधली दुकाने यांच्या किमती आणि थाट वेगवेगळे असले, तरी माझ्या मापाबाबतचा अनुभव सगळीकडे सारखाच आहे. सर्वसाधारण हिशेबात ‘एम’ कुर्ता ३६ इंच छातीच्या स्त्रीसाठी धरला जातो, ‘एस’ ३४ साठी आणि ‘एक्सएस’ ३२ साठी. प्रत्यक्ष कपड्याची छाती त्याहून दोन ते चार इंच अधिक ठेवतात, कारण श्वास घ्यायला आणि बसा-उठायला तेवढी सैल जागा लागतेच. म्हणजे दुकानातला सर्वांत लहान कुर्ता ३४ ते ३६ इंचांचा असतो आणि तो ३० इंच छातीवर चढतो. हा सर्वांत लहान कुर्ताही बहुतेक दुकानांत नसतोच. रांग ‘एस’पासून आणि पुष्कळदा ‘एम’पासून सुरू होते. त्यातून एका उत्पादकाचा ‘एक्सएस’ दुसऱ्याच्या ‘एस’पेक्षा मोठा निघतो. एकाने लेबलवर लिहिलेले ‘३४’ हे अंगाचे माप असते, तर दुसऱ्याने लिहिलेले ‘३४’ हे शिवलेल्या कपड्याचे. या दोहोंत दोन ते चार इंचांचा फरक पडतो आणि तो फरक ट्रायल रूममध्ये जाऊन कपडा अंगात घालेपर्यंत कळण्याचा मार्ग नसतो.

यावर दुकानात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘फिटिंग मारून देतो, मॅडम’. हे उत्तर आपण सद्भावनेने देता, याबद्दल मला शंका नाही. परंतु कपडा बाजूंनी आत घेतल्याने सुटतो तो प्रश्न कंबरेचा आणि काही अंशी छातीचा. सडपातळ अंगावर कपडा खरा बिघडतो तो खांद्यावर आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलात, आणि तिथे बाजूची शिलाई काहीच करू शकत नाही.

हे थोडे विस्ताराने सांगते. कुर्त्याचा खांदा माझ्या खांद्यापेक्षा इंचभर मोठा असला, की बाहीचा जोड दंडावर उतरतो. गळाही त्याच प्रमाणात मोठा असल्यामुळे तो पुढे झुकला की आतले कपडे दिसतात आणि दिवसभर एक हात गळा सावरण्यात जातो. खांद्याला आतून सेफ्टी पिन लावणे हा आम्हा स्त्रियांचा जुना उपाय आहे, पण सुती कुर्त्याला तिथेच भोके पडतात. मुंढ्याचे दुखणे याहून मोठे. मोठ्या मापाचा मुंढा खोल असतो, म्हणजे तो काखेपासून बराच खाली येतो. लोकलमध्ये उभे राहून वरची कडी धरायला हात उचलला, की असा मुंढा बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर ओढतो. लोकांना वाटते की सैल मुंढ्यात हात मोकळा राहतो. शिवणकाम जाणणारा कोणीही सांगेल की हात मोकळा राहतो तो काखेला लागून वर बसलेल्या, बेताच्या मुंढ्यात. तो दुरुस्त करायचा तर बाही उसवायची, खांदा कापायचा, मुंढा नव्याने आखायचा, बाहीचा गोल त्याला जुळवून पुन्हा बसवायचा, अस्तर असेल तर तेही उसवायचे, आणि एवढे करून झाल्यावर छातीवरचे टक्स, म्हणजे कपड्याला अंगाचा आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, पूर्वीच्या जागी राहिलेले असतात ते राहतातच. टक्सचे टोक जिथे यायला हवे तिथे न आल्यास छातीवर रिकामा फुगा उभा राहतो. पुढच्या भागावर भरतकाम किंवा छापाची नक्षी असेल, तर बाजूंनी कापड घेतल्यावर तीही कडेला कापली जाते. ज्या शिंपीदादांकडे मी जाते त्यांनी मला हे प्रत्येक वेळी कपडा पुढ्यात ठेवून समजावले आहे, आणि अनेकदा सांगितले आहे की ताई, एवढ्या कामात नवा कुर्ता बेतून शिवता येईल. त्यांचे म्हणणे खरे आहे. अशा दुरुस्तीची मजुरी स्वस्त कुर्त्याच्या किमतीशी बरोबरी करू लागते.

मग सगळेच शिवून का घेत नाही, असे आपण विचाराल. साडीवरचे ब्लाउज मी शिवूनच घेते आणि माझ्याकडे अंगाबरोबर बसणारे एवढेच कपडे आहेत. परंतु जीन्स, कार्यालयात घालायचा शर्ट, जाकीट, स्वेटर, खेळताना घालायचे कपडे आणि पावसाळ्यात रेनकोट हे काही गल्लीतल्या शिंप्याकडे शिवून मिळत नाही. रेनकोटचे उदाहरण मुद्दाम देते. ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्यावाचून चालत नाही, आणि तो बहुतेक ठिकाणी ‘फ्री साइज’ किंवा ‘एल’पासून मिळतो. बाह्या बोटांच्या पुढे जातात, टोपी डोळ्यांवर येते आणि पायघोळ पँट चपलेखाली अडकते. अशा कपड्यात स्कूटर चालवणे किंवा स्थानकाच्या ओल्या जिन्यावरून उतरणे धोक्याचे आहे. कपडा नीट बसण्याचा संबंध केवळ दिसण्याशी असतो असे समजून या तक्रारीकडे पाहू नये, ही विनंती.

जीन्सबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या उत्पादकांना थेट सांगावेसे वाटते, कारण उल्हासनगर हे जीन्स शिवण्याचे मोठे केंद्र आहे आणि इथल्या बाजारांत तो माल मुबलक येतो. स्त्रियांच्या जीन्सची मापे साधारणपणे २६ किंवा २८ इंच कंबरेपासून सुरू होतात. कंबर २४ असणाऱ्या स्त्रीने २६ ची जीन्स पट्ट्याने आवळली की मागे चुण्या पडतात. मागून कापड घेतले तर दोन्ही खिसे एकमेकांना येऊन चिकटतात आणि आसनाची शिलाई खेचली जाऊन बसताना काचते. पुरुषांच्या पँटवर कंबर आणि लांबी अशी दोन मापे स्वतंत्र छापण्याची पद्धत आहे. स्त्रियांच्या पँटवर एकच माप असते, आणि तेही कंबरेचे की सीटचे हे पाहणाऱ्याने ओळखायचे असते. ज्या कारखान्यात पुरुषांसाठी दोन मापे छापली जातात, त्याच कारखान्यात स्त्रियांसाठीही ती छापता येतील. यंत्र, कारागीर आणि लेबल छापणारा हे सगळे तिथे आहेतच.

दुकानात मिळणारा दुसरा सल्ला मुलींच्या विभागात जाण्याचा असतो. हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण केवळ अपमान वाटतो एवढेच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा कपडा मुलीच्या अंगासाठी बेतलेला असतो. त्याची कंबर वर असते, छातीला टक्स नसतात, सीट आणि कंबर यांतला फरक थोडा धरलेला असतो. माझ्या कंबरेत आणि सीटमध्ये नऊ इंचांचा फरक आहे. मुलींची पँट कंबरेला बसली तर मांडीवर चढत नाही आणि मांडीवर चढेल ती कंबरेला लोंबते. प्रौढ सडपातळ स्त्रीचे अंग प्रौढ स्त्रीचेच असते, त्याला प्रौढ स्त्रीचाच बेत, म्हणजे कापड कापण्याचा आराखडा, लागतो, फक्त मापे लहान लागतात. शिवाय बैठकीला जाताना झालरी आणि चमकत्या टिकल्यांचा कुर्ता घालता येत नाही.

आतल्या कपड्यांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट लिहिते, कारण हा विषय दुकानात कोणी बोलत नाही आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे तसाच राहिला आहे. बहुतेक दुकानांत ब्राची मापे ३२ पासून, फार तर ३० पासून मिळतात. २८ विचारले की वयात येणाऱ्या मुलींचा डबा पुढे केला जातो. त्यात कपांची निवड नसते आणि प्रौढ स्त्रीला हवा तो आधारही नसतो. छातीखालच्या पट्ट्याचे माप आणि कपाचे अक्षर एकमेकांवर अवलंबून असतात, ३२ बी, ३० सी आणि २८ डी यांच्या कपांत साधारण सारखेच आकारमान असते, ही माहिती विक्रीच्या जागी उभ्या असलेल्या भगिनींनाही पुष्कळदा दिलेली नसते. त्या बिचाऱ्या ३२ चा पट्टा शेवटच्या हुकाला लावून दाखवतात. आधार पट्ट्यातून मिळतो आणि पट्टाच सैल असेल तर सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो. त्याचे वळ संध्याकाळी दिसतात.

आता आपली बाजू. गोखले रोडवरच्या एका अनुभवी दुकानदारांनी ती मला शांतपणे सांगितली आणि मी ती न्याय्य मानते. सुरत, अहमदाबाद, जयपूरहून येणारा कुर्त्यांचा बराचसा घाऊक माल सेटने येतो. ‘एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल’ असा चार नगांचा सेट घ्यावा लागतो, त्यातून नग निवडता येत नाहीत. सेटमध्ये लहान माप मागितले तर ते सगळ्याच डिझाईनमध्ये घ्यावे लागते, आणि हंगाम संपल्यावर जे नग उरतात त्यांत पैसे अडकतात. ज्या मापाची मागणी कमी, ते माप घ्यायला छोटा दुकानदार कचरतो, यात त्याचा दोष नाही.

पण मागणी कमी आहे हे ठरते कसे, यावर मात्र माझा आक्षेप आहे. जे माप दुकानात ठेवलेलेच नाही, त्याची विक्री नोंदवहीत शून्य दिसणार. माझ्यासारखी ग्राहक दारातूनच विचारून परत जाते आणि ती परत गेल्याची नोंद कुठेही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या २०.८ टक्के स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, १८.५ च्या खाली, अर्थात कमी वजनाच्या गटात आढळला. देशाची सरासरी १८.७ टक्के होती. हा आकडा जपून वापरायला हवा. त्यात वाढीच्या वयातल्या मुली आहेत, पुरेसे अन्न न मिळणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांचा प्रश्न कपड्यांच्या फार आधी पोषणाचा आहे. शिवाय निर्देशांक कमी म्हणजे छाती ३० इंच असा सरळ हिशेब नसतो. तरीही ज्या राज्यात पाचातली एक स्त्री या गटात मोडते, तिथे लहान मापाला गिऱ्हाईक नाही असे म्हणता येणार नाही. याच सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या आढळल्या, आणि त्यांच्यासाठी अलीकडे दुकानांत वेगळे विभाग निघाले आहेत. ते निघाले याचा मला आनंद आहे. त्या भगिनींनीही फार सोसले आहे. व्यापाऱ्यांनी ठरवले की मापांची रांग लांबवता येते, हे त्यातून दिसले, एवढेच मला म्हणायचे आहे.

यात केवळ जन्मतः सडपातळ असलेल्या स्त्रिया नाहीत. क्षयरोगातून किंवा कर्करोगाच्या उपचारांतून उठलेल्या स्त्रिया आहेत. सत्तरी उलटल्यावर अंग उतरलेल्या आमच्या इमारतीतल्या आजी आहेत, ज्यांना गाऊनसुद्धा खांद्यावरून घसरत नाही असा मिळत नाही आणि ज्या पायघोळ गाऊनमध्ये पाय अडकून पडण्याच्या भीतीने जिना उतरायचे टाळतात. बाई कृश होण्याची कारणे अनेक असतात आणि विक्रेत्याने ती विचारू नयेत. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे: ‘घरी जेवायला देत नाहीत का’, ‘लग्न झालं की भराल’, ‘तुम्हाला काय, काहीही चालेल’ ही वाक्ये कपडे विकण्याच्या जागी आम्हाला ऐकावी लागतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. मात्र आजारातून नुकत्याच सावरलेल्या स्त्रीला ती कशी लागत असतील याचा विचार व्हावा आणि दुकानात काम करणाऱ्यांना तसे समजावून सांगितले जावे.

आता माझ्या मुख्य आग्रहाकडे येते. पॅकबंद वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत २०२२ मध्ये तयार कपड्यांसाठी सवलत देण्यात आली. सुट्या किंवा उघड्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या कपड्यांवरून बराचसा मजकूर वगळण्याची मुभा मिळाली, पण जे थोडे तपशील देणे आवश्यक राहिले त्यांत उत्पादकाचे नाव, ग्राहकसेवेचा संपर्क आणि कमाल किरकोळ किंमत यांच्याबरोबर मापही आहे. आणि ते माप केवळ एस, एम, एल अशा अक्षरांत देऊन भागत नाही, त्यासोबत सेंटिमीटरमध्ये किंवा मीटरमध्ये तपशील द्यायचा आहे. म्हणजे मी काही नवे मागत नाही. आज लेबलांवर हा तपशील एक तर नसतो, किंवा छातीचा एकच आकडा असतो आणि तो अंगाचा की कपड्याचा हे लिहिलेले नसते. नियमाचे अक्षर तेवढ्याने पाळले जात असेल, पण ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. कुर्त्याच्या लेबलवर कपड्याची छाती, खांदा आणि लांबी, आणि पँटच्या लेबलवर कंबर, सीट आणि आतली लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिली, तर माझ्यासारखी स्त्री हँगर न काढताच सांगू शकेल की हा कपडा आपल्याला बसेल की नाही. ट्रायल रूमपुढची रांग कमी होईल, घडी मोडलेले कपडे कमी होतील आणि बदलून मागायला येणारेही कमी होतील. यात खांद्याचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. आज ते जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे नंतर दुरुस्त न होणारे माप तेच आहे.

इतरत्र हे झालेले आहे. युरोपीय मानकात कपड्यावर माणसाच्या आकृतीचे छोटे चित्र छापून त्यावर अंगाची मापे सेंटिमीटरमध्ये देण्याची सोय आहे. जपानच्या स्त्रियांच्या कपड्यांच्या मानकात छातीची मापे ७७, ८०, ८३ अशी तीन-तीन सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी येतात, उंचीचे गट वेगळे आहेत, आणि त्याशिवाय बांध्याचे प्रकार आहेत. छाती तेवढीच पण सीट चार सेंटिमीटरने कमी असलेल्या स्त्रियांसाठी वेगळे अक्षर आहे, सीट अधिक असलेल्यांसाठी वेगळे. ७७ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३० इंच, अर्थात माझे माप. तिथे ते प्रौढ स्त्रियांच्या मापांत नेमून दिलेले माप आहे आणि त्यासाठी कोणी लहान मुलींच्या विभागात पाठवत नाही.

आपल्याकडेही मापे घेण्याचे काम हाती घेतलेले आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या शेजारी खारघरमध्ये आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेऊन त्यातून भारतीय अंगांचा मापतक्ता बनवणे, हा त्याचा उद्देश. निफ्टचे मुंबई केंद्र खारघरला आहे. उत्पादकांच्या संघटनांनी तिथल्या प्राध्यापकांना बोलावून एवढेच विचारावे, की मापांच्या रांगेच्या खालच्या टोकाला असलेल्या स्त्रियांसाठी बेत कसा आखावा. सध्याची पद्धत अशी, की ‘एम’चा एक बेत नीट आखायचा आणि बाकीची मापे ठरावीक अंतराने त्यातून वर-खाली काढायची. एक-दोन पायऱ्यांपर्यंत हे चालते. त्यापुढे छाती कमी होत जाते, पण खांद्याची ठेवण, मुंढ्याची खोली आणि टक्सची जागा त्या प्रमाणात बदलत नाही, म्हणून ‘एक्सएस’ कपडा छातीला बरा आणि खांद्याला ढगळ होतो. लहान मापांसाठी लहानच अंगावरून स्वतंत्र बेत आखला, तर हा दोष मुळातच राहणार नाही. वरच्या टोकाच्या मापांनाही हेच लागू आहे.

‘ऑनलाइन घ्या’ हे उत्तर मी मोठ्या आशेने करून पाहिले आहे. तिथे मापांचे तक्ते असतात, हे खरे. पण ते उत्पादकाने एकदाच बनवून सगळ्या कपड्यांना लावलेले असतात, आणि परत पाठवण्याचा व्याप शेवटी ग्राहकाच्याच माथी येतो. मला माझ्या शहरातल्या दुकानातून, कापडाला हात लावून, आरशात पाहून कपडा घ्यायचा आहे.

म्हणून विक्रेत्यांना विनंती आहे, की दिवाळीच्या मालाची मागणी नोंदवण्यापूर्वी घाऊक व्यापाऱ्यांना ‘एक्सएस’ असलेला सेट किमान काही मोजक्या, साध्या, रोज घालण्याच्या कुर्त्यांत मागावा. सगळ्या डिझाईनमध्ये तो नको. एकटा दुकानदार मागणार नसेल, तर एका रस्त्यावरच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून मागावा आणि नग वाटून घ्यावेत. गल्ल्यापाशी एक वही ठेवून, जे माप न मिळाल्यामुळे ग्राहक परत गेले ते माप तिच्यात टिपून ठेवावे. पुढच्या हंगामात आपल्यालाच ती उपयोगी पडेल. लेबलवर सेंटिमीटर नसतील, तर टेप घेऊन खांदा आणि छाती मोजून हँगरला चिठ्ठी लावण्यास फार वेळ लागत नाही. उत्पादकांना विनंती आहे, की लेबलवर अंगाचे माप आणि कपड्याचे माप ही दोन्ही वेगवेगळी आणि स्पष्ट लिहावीत. वैधमापन विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी वजनकाटे तपासतात तशी कपड्यांची लेबलेही अधूनमधून पाहावीत, असे त्यांनाही वेगळे कळवीत आहे.

आपल्यापैकी ज्यांना हे करून पाहायचे असेल, त्यांच्याकडे मी आणि माझ्या परिचयातल्या अशाच बांध्याच्या काही स्त्रिया सुटीच्या दिवशी यायला तयार आहोत. नवा बेत बाजारात आणण्यापूर्वी तो अंगात घालून, हात वर करून, खाली बसून, कुठे सुटतो आणि कुठे काचतो ते आम्ही दाखवू. त्यासाठी आम्हाला काही मोबदला नको.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे